कंपनीच्या विम्यात आई-वडिलांची नावं घालायची का? मुदत संपायच्या आत हे बघून घ्या

विश्रांतवाडी (पुणे) : मार्च सरत आला, की विश्रांतवाडी, धानोरी, कळस, टिंगरेनगर भागातल्या भाड्याच्या खोल्यांमधून गावाकडं एकाच धर्तीचे फोन जायला लागतात. ‘आई, तुझ्या आणि दादांच्या आधार कार्डाचा फोटो टाक. जन्मतारीख नीट दिसली पाहिजे.’ खेड, आंबेगाव, जुन्नर, शिरूर तालुक्यांतली कितीतरी पोरं-पोरी या भागात राहून येरवडा, विमाननगर, खराडीतल्या कंपन्यांमध्ये कामाला जातात. कंपनीचा आरोग्य विमा नव्या वर्षासाठी सुरू होणार असतो आणि घरच्यांची नावं भरायला आठ-दहा दिवसांची मुदत मिळालेली असते.

सगळ्याच कंपन्यांचं विमा वर्ष एप्रिलला सुरू होतं असं नाही. कुठं जुलै असतो, कुठं ऑक्टोबर. पण पद्धत सारखीच. मुदतीत नाव गेलं तर गेलं, नाहीतर पुढच्या वर्षापर्यंत थांबा. मधे नाव घालता येतं ते बहुतेक ठिकाणी फक्त नवं लग्न किंवा नवं बाळ असेल तरच, आणि तेही ठरलेल्या दिवसांच्या आत.

मग प्रश्न पडतो. आई-वडिलांचा हप्ता पगारातून कापला जाणार. गावाकडं तर सरकारी योजनेचं पाच लाखांचं कार्ड आहे. मग हे पैसे कशाला घालवायचे? की कार्डावर विसंबून राहणं धोक्याचं? की दोन्ही सोडून स्वतःची वेगळी पॉलिसी घ्यावी?

हे समजायला एक घर उदाहरणादाखल घेऊ. मुलगा विश्रांतवाडीत राहतो, पगार तीस हजारांच्या वर. सोबत बायको आणि दोन वर्षांची मुलगी. गावाकडं वडील ६१ वर्षांचे, शुगरची गोळी चालू. आई ५६ वर्षांची, गुडघे दुखतात. आजी ७४ वर्षांची. दोन एकर जमीन, रेशनकार्ड गावचं. अशी घरं प्रत्येक गावात सापडतील.

आधी घरात काय आहे ते बघा

नवीन काही घ्यायच्या आधी हातात काय आहे हे तपासायचं. महाराष्ट्रात २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. २०१७ मध्ये तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं आणि २०२० पासून ती केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी जोडून चालवली जाते. सुरुवातीला ती पिवळ्या आणि केशरी कार्डवाल्यांपुरती होती. राज्य सरकारच्या २८ जुलै २०२३ च्या निर्णयानं ती शुभ्र कार्डधारकांसह राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना खुली झाली आणि १ जुलै २०२४ पासून वाढीव योजना लागू झाली. आता एका कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळू शकतात. हप्ता काही नाही.

ही योजना मोठा आधार आहे, यात शंका नाही. बायपास, कॅन्सर, डायलिसिस असे खर्चिक उपचार तिच्यात बसतात. पण ‘पाच लाख’ या आकड्यामागच्या अटी माहीत नसतात, आणि त्या कळतात तेव्हा पेशंट दवाखान्याच्या दारात असतो.

पहिली अट, दवाखाना योजनेतला हवा. योजनेत नसलेल्या दवाखान्यात पैसे भरले आणि नंतर पावत्या घेऊन योजनेकडं गेलं, तर पैसे परत मिळत नाहीत. उपचार बिनपैशाचे होतात ते योजनेतल्या रुग्णालयातच.

दुसरी अट, आजार यादीत हवा. योजनेत ठरलेल्या ऑपरेशनांची आणि उपचारांची यादी आहे. त्यातले काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयांतच करता येतात. म्हणून गुडघ्याचं, पिशवीचं, हर्नियाचं काहीही असो, ‘हे आमच्या जवळच्या योजनेतल्या दवाखान्यात होतं का?’ हा प्रश्न आधीच विचारून ठेवायला हवा.

तिसरी अट, नुसत्या तपासणीचा खर्च मिळत नाही. महिन्याची शुगरची गोळी, डॉक्टरांची फी, ॲडमिट न होता काढलेला एक्स-रे हे खिशातूनच करावं लागतं.

चौथी गोष्ट कागदाची, आणि सगळ्यात जास्त अडतं ते इथंच. रेशनकार्डावर नाव हवं. आपल्या उदाहरणातल्या घरात सुनेचं नाव अजून तिच्या माहेरच्या कार्डावर आहे आणि नातीचं नाव कुठंच नाही. म्हणजे कागदावर त्या दोघी या कुटुंबात नाहीतच. आधार कार्डावर एक नाव आणि रेशनकार्डावर दुसरं, हेही खूप घरांत दिसतं. तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेतून ही दुरुस्ती करून घ्यायला दिवस लागतात. ती आजारपणात होत नाही, आजारपणाआधीच करून ठेवावी लागते.

कार्ड गावचं आणि मुक्काम पुण्यात, म्हणून काही अडत नाही. योजना राज्यभराची आहे. खेड तालुक्याच्या रेशनकार्डावर पुण्यातल्या ससून रुग्णालयात उपचार मिळू शकतात. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ असतो. ॲडमिट होताना आधी त्याला भेटायचं. फोनवर विचारायचं असेल तर योजनेचा क्रमांक १५५३८८ किंवा १८०० २३३ २२००.

आजीचं कार्ड वेगळं

कंपनीच्या विम्यात आजी-आजोबांची नावं सहसा घेतच नाहीत. पण ७० वर्षं पूर्ण झालेल्यांसाठी ‘आयुष्मान वय वंदना’ कार्ड आहे. २९ ऑक्टोबर २०२४ पासून हे सुरू झालं. यात उत्पन्नाची अट नाही. आधारवरचं वय ७० च्या पुढं असलं की झालं. आयुष्मान योजनेत आधीच असलेल्या घरातल्या ज्येष्ठांना हे पाच लाखांचं संरक्षण वेगळं मिळतं, घरातल्या बाकीच्यांत वाटून घ्यावं लागत नाही. खासगी पॉलिसी किंवा ईएसआय असेल तरीही कार्ड काढता येतं. आयुष्मान ॲपवर आधारच्या ओटीपीनं नोंदणी होते. माहितीचा क्रमांक १४५५५.

आजीचा मोबाईल नंबर आधारला जोडलेला नसेल तर आधी ते काम उरकावं लागतं. पुण्याहून यात्रेला गावी गेलेल्या नातवानं अर्धा दिवस त्यासाठी दिला, तरी पुरतो.

वीस रुपयांचा विमा म्हणजे दवाखान्याचा विमा नव्हे

गावात विचारलं की बरेच जण सांगतात, ‘आमचा विमा आहे की, बँकेतून दरवर्षी पैसे कापतात.’ ते पैसे बहुतेक वेळा पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेचे असतात. वर्षाला २० रुपये. मे अखेरीस खात्यातून जातात आणि १ जूनपासून वर्ष सुरू होतं. हा अपघात विमा आहे. अपघाती मृत्यू किंवा कायमचं मोठं अपंगत्व आलं तर दोन लाख रुपये मिळतात. दुसरी जीवन ज्योती विमा योजना, वर्षाला ४३६ रुपये. ती मृत्यूनंतर वारसाला दोन लाख देते.

दोन्ही चालू ठेवाव्यात, दोन्ही कामाच्या आहेत. पण टायफॉईडनं चार दिवस ॲडमिट राहिलं तर यातून एक रुपयाही मिळत नाही. ‘विमा आहे’ म्हणणाऱ्या प्रत्येकानं आपला विमा नेमका कशाचा आहे, हे पासबुकातली नोंद बघून खात्री करून घ्यायला हवं.

पगार २१ हजारांपर्यंत असेल तर

विश्रांतवाडीत राहून सिक्युरिटी, हाउसकीपिंग, गोडाउन किंवा कारखान्यात कंत्राटी काम करणारेही खूप आहेत. महिना २१ हजार रुपयांपर्यंत पगार असेल आणि आस्थापना ईएसआयखाली येत असेल, तर कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के आणि मालकाकडून ३.२५ टक्के रक्कम ईएसआयला जाते. १५ हजार पगार असेल तर कामगाराचे महिन्याला साधारण ११३ रुपये.

ईएसआयमध्ये कामगारासोबत बायको-मुलं येतात, आणि कामगारावर अवलंबून असलेले आई-वडीलही अटीत बसत असतील तर येतात. पण त्यांची नावं नोंदवलेली हवीत. पगारपत्रकावर ‘ईएसआय’ कपात दिसतेय आणि कार्डावर घरचं कुणीच नाही, असं होऊ शकतं. ठेकेदाराला विचारून विमा क्रमांक घ्या आणि कुटुंबाची नोंद तपासा. पुण्यात ईएसआयची रुग्णालयं बिबवेवाडीला आणि चिंचवडच्या मोहननगरला आहेत.

कंपनीच्या विम्याची खरी किंमत

आता मूळ प्रश्नाकडं. मुलाच्या कंपनीत त्याचा, बायकोचा आणि मुलीचा तीन लाखांचा विमा कंपनीच्या खर्चानं आहे. आई-वडिलांची नावं घालायची तर हप्ता त्यानं भरायचा. समजा, दोघांचे मिळून वर्षाला १८ हजार, म्हणजे महिन्याला दीड हजार रुपये पगारातून जाणार.

महाग वाटतं. पण वडिलांना शुगर आहे, आणि कंपनीच्या विम्याचा मोठा फायदा नेमका तिथंच आहे. आपण स्वतः बाजारातून पॉलिसी घेतली तर आधीपासून असलेल्या आजारासाठी वेटिंग पिरियड लागतो. म्हणजे हप्ता भरत राहायचा, पण त्या आजाराचा क्लेम ठरलेल्या काळापर्यंत मिळत नाही. हा काळ जास्तीत जास्त तीन वर्षांचा असू शकतो. पूर्वी तो चार वर्षांपर्यंत होता, २०२४ मध्ये विमा नियामक आयआरडीएआयनं तो कमी केला. याशिवाय मोतीबिंदू, हर्निया, गुडघा बदलणं यांसारख्या ठराविक उपचारांना बऱ्याच पॉलिसींत दोन वर्षं थांबावं लागतं. आणि अपघात सोडला तर पहिले ३० दिवस कोणत्याच आजाराचा क्लेम नसतो.

कंपनीच्या सामूहिक विम्यात हे वेटिंग पिरियड बहुतेक वेळा माफ केलेले असतात. म्हणजे शुगर असलेल्या वडिलांना पहिल्या दिवसापासून संरक्षण. वैद्यकीय तपासणीही सहसा लागत नाही. साठीच्या पुढच्या, गोळ्या चालू असलेल्या माणसाला ही सवलत बाहेर सहजी मिळत नाही.

पण ‘बहुतेक वेळा’ म्हणजे ‘नेहमी’ नव्हे. तुमच्या कंपनीच्या कागदात काय लिहिलंय, ते एचआरला मेल करून लेखी विचारा.

आता दुसरी बाजू. नोकरी सुटली की हा विमा सुटतो. साधारणपणे शेवटच्या कामाच्या दिवसापर्यंतच तो चालतो. शिवाय आई-वडिलांच्या भागाला दोन अटी बऱ्याचदा जोडलेल्या असतात. एक, खोलीच्या भाड्याची मर्यादा. दोन, को-पे, म्हणजे बिलातला ठराविक टक्के वाटा आपण भरायचा.

तीन लाखांचा विमा असून ७० हजार खिशातून कसे जातात?

या दोन अटींचा हिशेब एकदा मांडून बघू. आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत.

वडिलांना तीन लाखांचा विमा आहे. खोलीभाड्याची मर्यादा विम्याच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला तीन हजार. को-पे दहा टक्के. ते चार दिवस ॲडमिट झाले. घरच्यांनी ‘विमा आहे ना’ म्हणून सहा हजारांची खोली घेतली. बिल झालं एक लाख साठ हजार. त्यात खोलीभाडं २४ हजार, डॉक्टर-ऑपरेशन-नर्सिंग वगैरे ९६ हजार, औषधं आणि तपासण्या ४० हजार.

घरच्यांना वाटतं, खोलीचे जास्तीचे १२ हजार आणि दहा टक्के को-पे एवढेच द्यावे लागतील. पण तसं होत नाही. खोली मर्यादेच्या दुप्पट भाड्याची घेतली, म्हणून खोलीशी जोडलेले डॉक्टर-ऑपरेशनचे खर्चही निम्मेच मंजूर होतात. खोलीचे २४ ऐवजी १२ हजार, ९६ ऐवजी ४८ हजार, औषधं-तपासण्यांचे ४० हजार पूर्ण. एकूण एक लाख. त्यातून दहा टक्के को-पे वजा, विमा कंपनी देणार ९० हजार. घरच्यांच्या खिशातून ७० हजार.

मर्यादेतली खोली घेतली असती तर बहुतेक फक्त को-पे भरून सुटका झाली असती. म्हणून विम्याच्या कागदावर सगळ्यात आधी बघायचं ते खोलीभाड्याची मर्यादा. आणि ही मर्यादा मुलानं स्वतःपुरती माहीत ठेवून भागत नाही. ॲडमिट करताना तो ऑफिसात असू शकतो. गावाकडून पेशंटला घेऊन येणाऱ्या भावाला, चुलत्याला, शेजाऱ्यालाही ती माहीत हवी.

स्वतःची पॉलिसी कधी?

नोकरीबरोबर जाणारा विमा आणि यादीत बसला तर चालणारी सरकारी योजना, या दोन्हींच्या मधे एक मोकळी जागा राहते. ती भरायला स्वतःची पॉलिसी असते. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि कौटुंबिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी काढून टाकलेला आहे. त्यामुळं हप्त्याच्या पावतीत जीएसटीची रक्कम दिसता कामा नये. कंपनीच्या सामूहिक विम्याला मात्र ही माफी नाही.

ही पॉलिसी घेताना तीन चुका टाळाव्यात.

पहिली चूक, आजार लपवणं. एजंट कधी कधी म्हणतो, ‘शुगर लिहू नका, हप्ता वाढेल.’ हप्ता वाढतो हे खरं. पण न लिहिलेला आजार क्लेमच्या वेळी जुन्या केसपेपरवरून बाहेर येतो आणि क्लेम तर जातोच, पॉलिसीही रद्द होऊ शकते. पॉलिसी सलग पाच वर्षं चालू राहिल्यावर कंपनीला आजार लपवल्याचं कारण सांगून क्लेम नाकारता येत नाही, पण फसवणूक सिद्ध झाली तर तेव्हाही येतो. म्हणून सही तुमची असेल तर फॉर्म तुम्ही वाचा. इंग्रजी येत नसेल तर वाचून घ्या.

दुसरी चूक, सगळ्यांना एकाच पॉलिसीत कोंबणं. कुटुंबाच्या एकत्र पॉलिसीचा हप्ता घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाच्या वयावर ठरतो. तिशीतल्या जोडप्यासोबत ६१ वर्षांचे वडील घातले, तर सगळ्यांचाच हप्ता चढतो. तरुणांची एक आणि आई-वडिलांची वेगळी, हे बऱ्याच घरांना परवडतं.

तिसरी चूक, ‘अजून तर काही होत नाही’ म्हणून थांबणं. वेटिंग पिरियड पॉलिसी घेतल्या दिवसापासून मोजला जातो, आजार झाल्यापासून नाही. तहान लागल्यावर विहीर खणायला घेतली तर पाणी लागेपर्यंत तीन वर्षं जाऊ शकतात.

पैसे कमी असतील तर सुपर टॉप-अप हा एक मार्ग आहे. समजा, कंपनीचा तीन लाखांचा विमा आहे. तीन लाखांच्या पुढं लागू होणारा सुपर टॉप-अप घेतला, तर वर्षभरातला खर्च तीन लाखांवर गेला की पुढचा खर्च तो उचलतो. पहिले तीन लाख तो देत नाही, म्हणून हप्ता पुष्कळ कमी असतो. नुसता ‘टॉप-अप’ आणि ‘सुपर टॉप-अप’ यांत फरक आहे. टॉप-अप एकेका आजारपणाचं बिल वेगळं धरतो, सुपर टॉप-अप वर्षातली सगळी बिलं एकत्र मोजतो. दोन-दोन लाखांची तीन आजारपणं झाली तर टॉप-अप काहीच देणार नाही, सुपर टॉप-अप देईल. पण नोकरी सुटली की खालचे तीन लाख आपल्या अंगावर येतात, हे लक्षात ठेवूनच तो घ्यायचा.

मग या घरानं काय करावं?

आपल्या उदाहरणातल्या घराची वाट आता बरीच स्पष्ट दिसते.

आजीचं वय वंदना कार्ड काढायचं. खर्च काही नाही. रेशनकार्डात सुनेचं आणि नातीचं नाव घालायचं, घरातल्या सगळ्यांची आयुष्मान कार्डं काढून ठेवायची. हे काम कंपनीच्या मुदतीवर अवलंबून नाही, पण लांबवायचंही नाही.

वडिलांना शुगर, आईचे गुडघे. दोघांनाही बाहेर वेटिंग लागणार. कंपनीच्या विम्यात ते माफ असल्याचं लेखी आलं, तर महिन्याचे दीड हजार रुपये देऊन यंदा नावं घालणं शहाणपणाचं. काही कंपन्यांत यंदा आई-वडिलांना घेतलं नाही तर पुढच्या वर्षी घेता येत नाही, किंवा यंदा घेतलं तर अमुक वर्षं काढता येत नाही, अशीही अट असते. तीही आधीच विचारायची.

मुलगा, सून, नात सध्या धडधाकट आहेत. त्यांना कंपनीचा विमा आहेच. पण याच वयात स्वतःची छोटी पॉलिसी स्वस्त मिळते आणि नोकरी बदलली तरी सोबत राहते. हाताशी थोडे पैसे असतील तर ती घ्यावी.

आणि आई-वडिलांची आधीच काही वर्षं चालू असलेली स्वतःची पॉलिसी असेल, तर कंपनीचा विमा मिळाला म्हणून ती बंद करू नये. सरलेली वेटिंगची वर्षं पॉलिसी बंद केली की वाया जातात. हप्ता जड जात असेल तर दुसऱ्या कंपनीत पोर्ट करता येते, जुनी वर्षं धरली जातात. त्यासाठी नूतनीकरणाच्या तारखेआधी किमान दीड महिना हालचाल करावी.

नोकरी सोडायची वेळ आली, तर राजीनामा देताना एचआरला एक प्रश्न विचारायचा, ‘या विम्यातून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येईल का?’ तशी सोय नियमात आहे आणि त्यात आधीच्या वर्षांचा फायदा मिळतो. पण विमा चालू असतानाच ते विचारावं लागतं.

मुदत चालू असताना विचारायचे सात प्रश्न

१. नावं भरायची शेवटची तारीख आणि वेळ कोणती?

२. आधीपासूनच्या आजाराला आणि मोतीबिंदू, गुडघ्यासारख्या ऑपरेशनांना वेटिंग आहे का?

३. खोलीभाड्याची मर्यादा दिवसाला किती?

४. आई-वडिलांसाठी को-पे किती टक्के?

५. विम्याची रक्कम प्रत्येकाला वेगळी की सगळ्यांत मिळून?

६. आमच्या तालुक्यातला किंवा जवळचा कोणता दवाखाना कॅशलेसच्या यादीत आहे?

७. सासू-सासरे की आई-वडील यातलं एकच निवडायचं आहे का, आणि नंतर बदलता येतं का?

नावं भरताना स्पेलिंग आणि जन्मतारीख आधारप्रमाणेच लिहायची. भरून झालं की स्क्रीनचा फोटो काढून ठेवायचा. नंतर ई-कार्ड आलं की ते आईच्या, वडिलांच्या आणि गावातल्या एका जाणत्या माणसाच्या व्हॉट्सॲपवर पाठवायचं. गावात रेंज नसते तेव्हा उपयोगी पडावं म्हणून एक छापील प्रतही घरात, रेशनकार्डासोबतच ठेवायची.

या दिवसांत फसवणुकीचे फोनही येतात. ‘तुमचं आयुष्मान कार्ड बंद होणार आहे, ओटीपी सांगा’ असं कुणी म्हटलं तर फोन ठेवून द्या. कार्ड चालू आहे का, हे १४५५५ वर स्वतः फोन करून विचारता येतं.

क्लेम अडला तर

कॅशलेसची विनंती दवाखान्याकडून गेल्यावर विमा कंपनीनं एका तासात निर्णय द्यायचा आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची, असं आयआरडीएआयनं मे २०२४ मध्ये सांगितलेलं आहे. क्लेम नाकारला तर कारण लेखी मागा. तोंडी ‘होत नाही’ यावर माघारी फिरू नका.

आधी विमा कंपनीच्या तक्रार विभागाकडं लेखी तक्रार करायची. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडं जाता येतं. मुंबई परिसर सोडून उरलेल्या महाराष्ट्रासाठीचं हे कार्यालय पुण्यातच, नारायण पेठेत न. चिं. केळकर रस्त्यावर आहे. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचं प्रकरण चालतं. कंपनीचं उत्तर आल्यापासून वर्षाच्या आत तक्रार द्यायला हवी. आयआरडीएआयचा मदत क्रमांक १५५२५५.

दवाखाना धर्मादाय ट्रस्टचा असेल तर आणखी एक दार उघडं असतं. अशा रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात ठेवाव्या लागतात. वर्षाचं कुटुंबाचं उत्पन्न एक लाख ८० हजारांपर्यंत असेल तर पहिल्या गटात आणि तीन लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुसऱ्या गटात अर्ज करता येतो. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. विमा कमी पडला तरी हा अर्ज करता येतो, म्हणून चालू वर्षाचा दाखला काढून ठेवलेला बरा.

सरकारी कार्ड, कंपनीचा विमा आणि स्वतःची पॉलिसी यांतलं कुठलंही एक दुसऱ्याची जागा पूर्ण भरून काढत नाही. त्यातलं आपल्याला काय लागू होतं आणि काय परवडतं, हे प्रत्येक घरानं आपापलं ठरवायचं. पण ठरवायची वेळ आत्ताची आहे. विश्रांतवाडीतून फोन आला आणि पोरानं आधारचा फोटो मागितला, तर ‘बघू नंतर’ म्हणू नका. फोटो लगेच पाठवा आणि त्याला वरचे सात प्रश्न एचआरला विचारायला सांगा.